खोट्या चिठ्ठीचा वनपिंगळा

पक्ष्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी हा एकोणिसाव्या शतकातल्या पक्षिशास्त्राचा सातबारा होता. पक्षी कोणी मारला, कुठल्या रानात, कोणत्या तारखेला, नर की मादी, एवढं त्यावर नोंदलेलं असलं की कापूस भरलेलं ते कातडं शास्त्राच्या दप्तरी दाखल होई. चिठ्ठी हरवली की उरत ते फक्त पिसांचं बोचकं. आणि चिठ्ठीवर खोटी नोंद चढली, तर पुढच्या कित्येक पिढ्या नसलेल्या बांधावर उभं राहून मोजणी करत राहतात. सातपुड्याच्या वनपिंगळ्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. ११३ वर्षं हा पक्षी नामशेष समजला जात होता. त्यातली निदान काही वर्षं तरी एका माणसाच्या लबाडीने खाल्ली, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोष्ट सुरू होते १८७२ च्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडच्या पूर्व टोकाला, बसना-फुलझरच्या भागात. तिथे एफ. आर. ब्लूइट यांनी एक लहानसं घुबड टिपलं आणि ते अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवलं. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी भारतातल्या पक्ष्यांचा जो संग्रह केला, तसा तोवर कोणी केला नव्हता. देशभरातले अधिकारी, लष्करी अंमलदार, अभियंते त्यांना कातडी पाठवत, आणि ह्यूम त्यांची वर्णनं आपल्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापत. १८७३ मध्ये त्यांनी या घुबडाला नवी जात म्हणून मान्यता दिली आणि नावात ब्लूइट यांचं नाव गुंफलं.

वरवर पाहिलं तर हा आपल्या ओळखीचा पिंगळाच वाटतो. गावाबाहेरच्या चिंचेच्या ढोलीतून तिन्हीसांजेला बाहेर येऊन चिरचिर करत भांडणारा, तो. फरक जवळून पाहिल्यावर कळतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात, वनपिंगळ्याचं डोकं जवळपास एकरंगी करडं-तपकिरी. चोच आणि पंजे अंगाच्या मानाने थोराड, पाय पांढऱ्या पिसांनी दाट झाकलेले, पंखांवर आणि शेपटीवर रुंद गडद पट्टे, पोटाचा खालचा भाग पांढरा स्वच्छ. हातात कातडं असेल तर चूक होणं अवघड. उंच झाडावर बसलेला जिवंत पक्षी पाहताना मात्र चूक होते, आणि ती पुढे वारंवार झाली.

ब्लूइट यांच्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागातल्या व्हॅलेंटाइन बॉल यांना १८७७ मध्ये ओडिशातल्या खरियारच्या बाजूला हा पक्षी मिळाला. बाकीचे नमुने जवळजवळ सगळे एकाच माणसाचे आणि एकाच मुलखातले. माणूस म्हणजे जेम्स डेव्हिडसन, मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. मुलूख म्हणजे पश्चिम खानदेश, शहादा आणि तळोद्याच्या उत्तरेला सातपुडा जिथून चढू लागतो तो पायथा.

डेव्हिडसन यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. जमाबंदीच्या कामासाठी तालुक्या-तालुक्यातून हिंडायचं, तंबू ठोकायचे, आणि वेळ मिळेल तेव्हा पक्ष्यांची टिपणं करायची, असा त्यांचा क्रम. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये छापली. तिला त्यांनी नावही ‘कच्ची यादी’ या अर्थाचं दिलं. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, पदरचं घालायचं नाही, ही शिस्त तिच्यात दिसते. त्या काळी अभ्यास बंदुकीनेच होई, आणि दुर्मीळ पक्षी दिसला की आधी गोळी, ही रीत आज आपल्याला अस्वस्थ करते. करायलाच हवी. पण डेव्हिडसन यांनी मारलेल्या पक्ष्यांच्या पायाला खऱ्या जागा बांधलेल्या होत्या. शंभर वर्षांनी या पक्ष्याचा माग लागला तो त्या खऱ्या जागांमुळे.

१८८४ मध्ये त्यांनी घेतलेला नमुना शेवटचा. तोवर ह्यूमही पक्ष्यांपासून दूर गेले होते. सिमल्याच्या त्यांच्या घरातून वर्षानुवर्षांची हस्तलिखितं कोणी रद्दीत विकून टाकली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांनी सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. १८८५ मध्ये संग्रहालयाचे बोडलर शार्प स्वतः सिमल्याला आले आणि सुमारे ८२,००० नमुने देवदाराच्या ४७ पेट्यांत भरून घेऊन गेले. खानदेशच्या रानातले वनपिंगळेही असे इंग्लंडला पोहोचले आणि खणात बंद झाले. सातपुड्यातल्या त्यांच्या भाऊबंदांविषयी पुढे कोणी चकार शब्द लिहिला नाही.

विसावं शतक अर्धं उलटलं तरी या घुबडाची नवी खबर नव्हती. होती ती एकच, आणि तीच घातक ठरली. कर्नल रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात एक वनपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर जागा लिहिली होती मांडवी, गुजरातेतल्या तापीकाठची, आणि साल होतं १९१४. डेव्हिडसन यांच्यानंतर तब्बल तीस वर्षांनी! साहजिकच सगळ्यांची नजर तिकडे वळली. सर्वात अलीकडची नोंद जिथली, तिथेच पक्षी उरला असण्याचा संभव जास्त, हा हिशेब कोणताही समंजस अभ्यासक करील.

मायनर्ट्झहागेन म्हणजे साधी असामी नव्हे. सैनिक, गुप्तहेर, पक्षिशास्त्रज्ञ, अरबस्तानातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाचा लेखक. पहिल्या महायुद्धातल्या त्याच्या पराक्रमांच्या कथा त्याने स्वतःच रंगवून सांगितल्या आणि जगाने त्या मानल्या. १९५४ मध्ये त्याने आपला वीस हजारांहून अधिक कातड्यांचा संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला दिला, तेव्हा ती मोठी देणगी मानली गेली. संग्रहालयातल्या जुन्या माणसांना मात्र आतून वेगळंच ठाऊक होतं. नमुने परवानगीशिवाय बाहेर नेल्याच्या संशयावरून फार पूर्वी याच कर्नलला तिथल्या पक्षिदालनात काही काळ बंदी झाली होती. संशय दप्तरात राहिला, बाहेर आला नाही. वजनदार माणसाविरुद्ध बोलायला कोणी धजावत नाही, ही गोष्ट काही आपल्याकडचीच नाही.

आपले सलीम अली १९३७ मध्ये याच कर्नलबरोबर अफगाणिस्तानात पक्षी पाहत हिंडले होते. कर्नलने रोजनिशीत सलीम अलींविषयी जे तुच्छतेने लिहिलं, ते सलीम अलींनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने छापलं. मन मोठं असल्याशिवाय हे होत नाही. माणूस आढ्यताखोर आहे हे त्यांना दिसलं होतं. पण त्याच्या चिठ्ठ्याही खोट्या असतील, हे त्या पिढीतल्या फार थोड्यांच्या मनात आलं. सलीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी डिलन रिप्ली यांनी १९७० च्या दशकात वनपिंगळ्याचा शोध घेतला. खोट्या चिठ्ठीवरच्या जागेभोवतीचे शोध रिकामे गेले. मधल्या काळात वनपिंगळा म्हणून छायाचित्रं पुढे आली, आणि ती साध्या पिंगळ्याची निघाली. जो तो हळूहळू एकाच निष्कर्षाला येत चालला होता: पक्षी संपला.

हे कोडं सुटलं ते रानात नव्हे, इंग्लंडमधल्या ट्रिंग गावी, जिथे ब्रिटिश संग्रहालयाचे पक्षी ठेवलेले आहेत. १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी मायनर्ट्झहागेनच्या संग्रहातल्या काही छोट्या पक्ष्यांची छाननी करून दाखवून दिलं की त्यातले नमुने चोरीचे असून चिठ्ठ्या बदललेल्या आहेत. त्याच सुमारास अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेत पामेला रासमुसेन दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथावर काम करत होत्या. रिप्ली यांनी सुरू केलेलं ते काम त्यांच्या आजारपणामुळे रासमुसेन यांच्या खांद्यावर आलं होतं. प्रत्येक जातीसाठी जुनी कातडी स्वतः पाहायची, हा त्यांचा नेम. तसं पाहता पाहता त्या वनपिंगळ्यापाशी आल्या. साऱ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून याचे नमुने होते अवघे सात.

रासमुसेन आणि ‘बर्डलाइफ इंटरनॅशनल’चे नायजेल कॉलर यांनी मांडवीच्या त्या नमुन्याची जी तपासणी केली, ती वाचताना एखाद्या निष्णात फौजदाराचा पंचनामा वाचल्यासारखं वाटतं. कातडं भरण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. पंख कसा मुडपला, टाका कुठून घातला, कापूस किती आणि कुठे दाबला, यावर हात ओळखता येतो. क्ष-किरणांखाली दिसलं की हा पक्षी एकदा भरून झाल्यावर उसवला होता, आतला मूळ ऐवज काढून दुसरा कोंबला होता आणि पुन्हा शिवला होता. पण सगळं काही निघालं नव्हतं. सांध्यापाशी जुन्या कापसाचे अवशेष अडकून राहिले होते, आणि जुन्या भरणीच्या खुणा जुळल्या त्या डेव्हिडसन यांच्या हाताशी. म्हणजे १९१४ साली मांडवीत कोणीही वनपिंगळा मारला नव्हता. कर्नलने संग्रहालयाच्या खणातून डेव्हिडसन यांचा खानदेशी पक्षी उचलला, त्याचं रूप बदललं, आणि स्वतःची चिठ्ठी बांधून तो कालांतराने त्याच संग्रहालयाला भेट दिला.

असं त्याने का केलं असावं? दुर्मीळ पक्षी आपल्या नावावर हवा, ही हाव एवढंच कारण मला सुचतं. त्याच्या धाडसाच्या कथा सांगणारे अजून आहेत, आणि ही चोरी त्या कथांमध्ये एक गंमत म्हणून सांगितली जाते. मला ती गंमत मान्य नाही. ज्या काळात अभ्यासकांच्या नजरा मांडवीकडे होत्या, त्याच काळात खानदेशातलं सातपुड्याच्या पायथ्याचं जंगल झपाट्याने विरळ होत होतं. शोधणारे थोडे, पैसा तुटपुंजा, रान अफाट. अशा वेळी एक खोटी जागा नकाशावर ठेवणं म्हणजे त्या पक्ष्याच्या वाट्याची मदत दुसरीकडे वळवणं.

खोटी चिठ्ठी बाजूला काढल्यावर नकाशा एकदम स्वच्छ झाला. उरले दोनच प्रदेश. पूर्वेला फुलझर-खरियार, पश्चिमेला शहादा-तळोदा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, अनुभवी पक्षिनिरीक्षक बेन किंग आणि त्यांचे सोबती डेव्हिड अ‍ॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जागा धुंडाळल्या. तिथे ब्लूइट यांच्या वेळचं रान फारसं उरलंच नव्हतं, पक्षीही नव्हता. मग ते खानदेशात उतरले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

२५ नोव्हेंबरच्या सकाळी पायथ्याच्या विरळ सागवानी रानात एका झाडावर बसलेलं लहान घुबड बेन किंग यांना दिसलं. डोक्यावर ठिपके नव्हते. रासमुसेन यांनी ट्रिंगमधली आणि इतर संग्रहालयांतली कातडी इतक्या बारकाईने पाहिली होती की त्या कोणत्या खुणा शोधत होत्या हे त्यांना पाठ होतं: कोरं डोकं, पांढरे दाट पाय, रुंद पट्टे. एकेक खूण जुळत गेली. पक्षी उडून जाण्याआधी पुरावा हवा होता, कारण नुसत्या शब्दावर अशा दाव्याला कोणी मानलं नसतं, आणि मानूही नये. पक्षी उन्हात बसून राहिला. त्याचं चित्रीकरण झालं, छायाचित्रं निघाली. १८८४ नंतर प्रथमच जिवंत वनपिंगळा नोंदला गेला, आणि तो सापडला डेव्हिडसन यांनी सांगितला होता त्याच पट्ट्यात. यावेळी त्याला गोळी घालण्याची गरज कोणाला पडली नाही.

सापडल्यावर खरं काम सुरू झालं, आणि ते आपल्याकडच्या माणसांनी केलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात ठाण मांडून या पक्ष्याचा दिनक्रम टिपला. त्यातून कळलेल्या गोष्टींनी शोधाची पद्धतच बदलली. घुबड म्हटलं की विजेरी घेऊन रात्री हिंडायचं, असा आपला समज. वनपिंगळा दिवसा वावरतो. सकाळी उंच, उघड्या फांदीवर ऊन खात बसतो, शेपटी दोन्ही बाजूंना झटकतो, सरडे आणि उंदीर धरतो. त्याची साद साध्या पिंगळ्यापेक्षा पूर्ण वेगळी आहे. रासमुसेन आणि इश्तियाक यांनी ती ध्वनिमुद्रित करून तिचं वर्णन प्रसिद्ध केलं. मग सर्वेक्षणात ती साद वाजवायची, थांबायचं आणि उत्तर येतं का ते ऐकायचं, हा मार्ग मोकळा झाला. ढोलीखाली पडलेल्या उलटीच्या गोळ्या फोडून, त्यातली हाडं-खवले वेगळे करून काय खाल्लं ते ठरवायचं. ऑक्टोबर ते मे या विणीच्या काळात ढोलींवर लक्ष ठेवायचं. नराने स्वतःचीच पिल्लं खाल्ल्याचंही या अभ्यासात आढळलं. एवढ्या थोड्या उरलेल्या जातीत हे पाहणं सोपं नसणार. पण ते जसं दिसलं तसं छापलं गेलं.

त्या सुरुवातीच्या वर्षांत जुन्या प्रदेशातल्या १४ वनांमध्ये शोध घेऊन चार ठिकाणी मिळून २५ पक्षी आढळले. चारही ठिकाणं उत्तर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या नैऋत्य भागातली.

आणि ज्या रानात तो सापडला, त्या रानाचं काय झालं होतं? सरदार सरोवराच्या पाण्याखाली गावं गेलेल्या आदिवासींच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचं काही हजार हेक्टर वनक्षेत्र १९९० च्या सुमारास मोकळं करण्यात आलं. नर्मदाकाठच्या माणसाचं घर बुडालं, त्याला जागा दिली ती दुसऱ्याच्या रानात, आणि त्या रानातल्या ढोलीही गेल्या. पायथ्याला शेतासाठी झाडं तुटत होती, वणवे लागत होते, सरपणासाठी जुनी वाळकी खोडं उचलली जात होती. घुबडाविषयीची भीती आणि मंत्रतंत्रासाठी होणारी त्याची शिकार ही आणखी वेगळी पीडा. या सगळ्याचं खापर पावरा किंवा भिल्ल कुटुंबावर फोडायला मी तयार नाही. धरण कुठे बांधायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं. पण पक्ष्याच्या बाजूने हिशेब मांडला तर उत्तर एकच येतं: त्याला सलग मोठं वन लागतं असं नाही, जुनी पोकळ झाडं आणि मधली मोकळी जागा असलेलं रान लागतं, आणि नेमकं तेच सर्वात आधी तुटतं.

दिलासा मिळाला तो पूर्वेला, सातपुड्याच्या मधल्या रांगांमध्ये. गिरीश जठार आणि रहमानी यांच्या अभ्यासात, आणि पुढे पुण्याच्या प्राची मेहता, जयंत कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या कामात मेळघाट आणि खंडव्याची रानं या पक्ष्याचे बळकट आसरे म्हणून पुढे आली. मेळघाट १९७० च्या दशकापासून व्याघ्र प्रकल्प आहे. वाघासाठी राखलेल्या सागाच्या रानात, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, हा छोटा शिकारीही तगून राहिला होता.

२०१४ मध्ये आणखी एक बातमी आली, आणि ती ऐकून मुंबईचे पक्षिनिरीक्षक चकित झाले. वनपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या भोवतीच्या जंगलात. सातपुड्याचा म्हणून ओळखला जाणारा पक्षी सह्याद्रीच्या उत्तर टोकाशी, महानगरापासून काही तासांच्या अंतरावर राहत होता. पाठोपाठ डांगच्या पूर्णा अभयारण्यातूनही नोंद आली.

डांग गुजरातेत आहे, आणि मांडवीपासून फार लांब नाही. इथे कोणी म्हणेल, मग कर्नलची चिठ्ठी अगदीच चुकीची नव्हती की. पण अंदाजाने टाकलेली थाप योगायोगाने खऱ्याच्या जवळ पडली म्हणून ती नोंद होत नाही. नोंद म्हणजे त्या दिवशी, त्या झाडावर, त्या पक्ष्याला पाहिल्याची साक्ष. ती साक्ष मांडवीला नव्हती. डांगच्या पक्ष्याला आहे.

२०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत वनपिंगळा ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आला. याचा अर्थ पक्षी वाढले असा घेऊ नये. शोधणारे वाढले, कुठे आणि कोणत्या वेळी शोधायचं हे कळलं, म्हणून ठिकाणं वाढली. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही हजाराच्या आतच आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हा पक्षी साध्या पिंगळ्याच्याच प्रजातीतला (genus) असल्याचंही दाखवलं, म्हणजे ह्यूम यांनी त्याच्यासाठी काढलेली वेगळी प्रजाती टिकली नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे कागदावर वाघाइतकंच संरक्षण. प्रत्यक्षात मात्र त्याच्या ओळखीच्या कित्येक जागा अभयारण्यांच्या बाहेर, साध्या प्रादेशिक वनांत आहेत, जिथे तोडीचा आराखडा ठरतो आणि कोणतं झाड ठेवायचं यावर वनरक्षक खूण करतो. ढोल असलेला जुना साग व्यापाऱ्याच्या दृष्टीने कमी मोलाचा असतो. तो उभा ठेवायला फार खर्च येत नाही. ते झाड कोणाचं घर आहे, हे खूण करणाऱ्याला माहीत असावं लागतं. त्यासाठी विणीच्या हंगामात सकाळी रानात जाऊन ढोली हेरण्याचं आणि त्यांच्या जागा जशाच्या तशा नोंदवण्याचं काम दरवर्षी नव्याने करावं लागतं.